कानाकडे गेलेला हात

गाडेकर काकू, मंचावर बसलेले कमिटीचे तांबे काका, आणि समोर सतरंजीवर, खुर्च्यांवर, व्हीलचेअरवर बसलेले तुम्ही सगळे,

गेली आठ वर्षं मी या मैदानावर दुसऱ्यांचं बोलणं बोलत आले. आपल्या कर्णबधिर मुली हातांनी बोलतात, ते मी तोंडाने सांगते. पाहुणे तोंडाने बोलतात, ते मी हातांनी सांगते. त्यात माझं स्वतःचं काही नसतं, म्हणून मला कधी भीती वाटली नाही. आज माझं स्वतःचं बोलायचं आहे आणि आपले गाडेकर सर समोर नाहीत. कागदावर लिहून आणलंय.

आज माझं बोलणं हातांनी सांगायला कर्णबधिर शाळेच्या रुबीना मॅडम शेजारी उभ्या आहेत. मॅडम, मी घाबरले की भरभर बोलते. मला थांबवा.

माझ्याआधी सहा जण बोलले. सर देवमाणूस होते, असं सहाही जणांनी सांगितलं. मी तसं म्हणणार नाही. सर तापट होते. सर हट्टी होते. चहात साखर कमी पडली तर ते चहा करणाऱ्याशी तासभर बोलत नसत. हसू नका, काकूंना विचारा. आणि अशा माणसाने पेरूच्या व्यापाऱ्यांकडून, बँकेकडून, मार्केट यार्डाकडून भांडून भांडून हे मैदान मिळवलं. गोड बोलणाऱ्या माणसाला ते मिळालं नसतं.

आपली ही दिव्यांग खेळाडूंची संस्था कशी सुरू झाली, ते सरांच्या तोंडून तुम्ही पुष्कळदा ऐकलंय. नवीन पालकांसाठी मी एकदा सांगते. सर तेव्हा शाळेत खेळाचे शिक्षक होते. पुणतांब्याच्या रस्त्याने सायकलवर चालले होते. कडेला पेरूची बाग. बागेत एक सोळा वर्षांची मुलगी पोपट हाकलत होती. तिने फेकलेलं मातीचं ढेकूळ पोपटांच्या वरून गेलं आणि सरांच्या चाकासमोर फुटलं.

सर ओरडले, "ए पोरी! डोळे हायेत का न्हाईत?"

मुलीने वळूनही पाहिलं नाही. सर आणखी ओरडले. मग बांधावरचा म्हातारा म्हणाला, "मास्तर, घसा कशाला फोडता? तिला ऐकू येत न्हाई. डोळे लई चांगले हायेत."

दुसरा कुणी असता तर हळहळून पुढे गेला असता. सरांनी सायकल आडवी टाकली आणि ढेकूळ पडलं तिथून त्या मुलीपर्यंत पावलं मोजत गेले. साठ पावलं. दुसऱ्या दिवशी शाळेची थाळी, म्हणजे थाळीफेकीतली थाळी, पिशवीत घालून ते पुन्हा बागेत हजर.

ती मुलगी म्हणजे आपल्या सुनंदाताई. पहिल्या रांगेत बसल्यात. संस्थेच्या पहिल्या खेळाडू आणि आज आपल्या सगळ्या मुलींच्या थाळीफेकीच्या शिक्षिका. मी त्यांना अगं ताई म्हणते, तसंच आज म्हणू द्या.

आता मला जे सांगायचंय त्यासाठी एक गोष्ट सगळ्यांना माहीत हवी. कर्णबधिर माणसं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. ती प्रत्येकाला एक खूण देतात. खूण म्हणजेच नाव. सरांची खूण होती मिशीवरून बोट. तांबे काकांची खूण आहे पोटावर हात. माफ करा काका, मुलींनी दिलीय, मी नाही. सुनंदाताई मैदानावर आली ती कानात मोठे झुबे घालून. सरांनी हातवारे करून सांगितलं, काढून ठेव, फेकताना अडकतील. ती म्हणाली, आईचे आहेत, काढणार नाही. आठ दिवस हे भांडण चाललं. शेवटी झुबे राहिले आणि तिचं नावही तेच पडलं. कानाची पाळी चिमटीत धरायची, म्हणजे सुनंदा.

माझी खूणही कानाशीच आहे. फेक किती लांब गेली ते मी टेप लावून मोजते, वहीत लिहिते आणि पेन कानावर अडकवते. एकदा मोजून माझं समाधान होत नाही. मी परत मोजते. मुली कंटाळतात. त्यांनी मला खूण दिली, कानावरून एक बोट फिरवायचं. कानावरचं पेन. म्हणजे मनीषा.

पाळीची चिमूट सुनंदा. कानावरून बोट मनीषा. एवढं लक्षात ठेवा.

सर हातांची भाषा शिकले ते साठी ओलांडल्यावर. त्याला कारण ताईच. तालुक्याच्या एका सत्कारात पाहुण्यांनी ताईला विचारलं, "कसं वाटतंय?" मी हात वर करेपर्यंत सरांनीच उत्तर दिलं, "तिला फार फार आनंद झालाय."

ताईने मला विचारलं, सर काय म्हणाले? मी सांगितलं.

ताई मंचावरच हातांनी म्हणाली, "मला आनंद नाही झाला. माझी फेक गेल्या वेळेपेक्षा कमी पडली. सरांना झाला असेल, तर सरांचा सांगा."

मी ते जसंच्या तसं माईकवर सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. परत आल्यावर राहात्याला जीपमधून उतरताना मला म्हणाले, "उद्यापासून मला शिकव. म्हातारपणी हात वळतील का गं?"

नाही वळले. पण शिकले. रोज सकाळी ते मुलींना विचारायचे, जेवण झालं का? आणि हात असा जायचा की मुलींना दिसायचं, लग्न झालं का? मुली रोज सांगायच्या, नाही झालं सर. सर रोज म्हणायचे, मग आधी खाऊन घ्या. वर्षभर कुणी त्यांना चूक सांगितली नाही. ताई म्हणायची, सरांचे हात म्हणजे डॉक्टरचं अक्षर. औषध मिळतं, पण अंदाजाने.

आता दवाखान्याची गोष्ट.

सरांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आम्हाला आत सोडलं. काकू होत्या, तांबे काका होते, मी होते. सुनंदाताई नव्हती. ती का नव्हती? कारण सगळ्यांना फोन गेले, आणि ताईला फोन करून उपयोग नसतो. तिला मेसेज करावा लागतो. तो मी करायचा होता. मी तीन दिवस धावपळ केली, रक्ताच्या बाटल्या आणल्या... नाही, चूक. एकच बाटली आणली. पण तो मेसेज केला नाही. सर आजारी असल्याचं तिला एका मुलीच्या मोबाईलवरच्या स्टेटसवरून कळलं. आम्ही आत होतो, तेव्हा ती पुणतांब्याहून एसटीने येत होती.

सर शुद्धीवर होते. डोळे आमच्यावर होते. डाव्या हाताला सुई, वर चिकटपट्टी, बोटं सुजलेली. तांबे काका सरांच्या कानाशी वाकले. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, पोटात एक ओठात एक असं त्यांचं नसतं. ते म्हणाले, "सर, तुम्ही बरे व्हालच. पण कमिटी विचारतेय. तोवर संस्था कोणी बघायची?"

सरांनी डावा हात उचलला. बराच वेळ लागला. हात कानापर्यंत गेला आणि खाली पडला.

काका म्हणाले, "कान! कान म्हणजे पेन. मनीषा! सर, मनीषाच ना?"

काकू रडायला लागल्या. म्हणाल्या, "मला वाटलंच हुतं."

मी काय केलं? मी म्हटलं, "हो सर." सरांच्या पायाला हात लावला. आणि खोटं बोलणार नाही, मला आनंद झाला. सर त्या अवस्थेत, आणि मला आनंद झाला. मला निवडलं, असं वाटलं. अगदी क्षणभर नाही, चांगला मिनिटभर.

मग सरांनी हात पुन्हा उचलला. पुन्हा कानाकडे नेला.

काका म्हणाले, "कळलं, कळलं सर. दमू नका." नर्सबाईंनी आम्हाला बाहेर काढलं. सर त्याच रात्री गेले. पहाटे म्हणतात, पण डॉक्टरांच्या कागदावर रात्रच आहे.

तेव्हापासून माझ्या मनात एकच प्रश्न फिरतोय. सरांचं पहिल्यांदाच आम्हाला कळलं असेल, तर त्यांनी पुन्हा हात का उचलला? माणूस पुन्हा कधी सांगतो? आपलं बोलणं पक्कं करायला सांगतो. किंवा समोरच्याला चुकीचं कळलं म्हणून सांगतो. त्या सुजलेल्या बोटांची चिमूट झालीच नसती. सरांना पाळी धरायची असती, तरी आम्हाला दिसलं असतं ते कानावरून गेलेलं बोटच.

माझं पहिलं शिक्षण घरी झालं. घरी म्हणजे कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत. आमचं गाव पाथर्डीकडचं. दरवर्षी आईवडील ऊसतोडीला या भागात यायचे, त्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत मला शाळा नव्हती. आई चौथी शिकलेली. भाकरी थापता थापता ती मला अक्षरं काढायला लावायची. एकदा मी तिला सांगितलं, भावाने गूळ खाल्ला. भावाला मार बसला. मग आईने विचारलं, "तू खाताना बघितलंस?" मी म्हटलं, नाही, रिकामी वाटी बघितली. आई थापता हात थांबवून म्हणाली, "मंग वाटीचं सांगायचं हुतं. बघितलं त्येवढं आदी सांग. वाटलं त्ये मंग." गूळ कुणी खाल्ला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मार मात्र भावाने खाल्ला.

दवाखान्यात मी काय पाहिलं? हात कानाकडे गेला, दोनदा. बस. मनीषा हे वाटलं. काकांना वाटलं, काकूंना वाटलं आणि मला वाटून घ्यायला आवडलं. तिघांत हातांची भाषा येणारी मी एकटी होते. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, थांबा, मला नीट वाचता आलं नाही. ते माझं काम होतं. आठ वर्षं मी तेवढंच काम केलंय आणि नेमकं त्या दिवशी केलं नाही.

दहावा झाल्यावर मी पुणतांब्याला गेले. ताई ओट्यावर मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. सरांचा हात कसा गेला ते करून दाखवलं. ताई मेथी निवडत राहिली. तुम्हाला माहीत आहे, ताईचे हात कामात असले की ती गप्प असते. अख्खी जुडी निवडून होईपर्यंत ती गप्प होती. एवढी लांब जुडी मी आयुष्यात पाहिली नाही.

मग हात झटकून ती म्हणाली, "कानाला खाज सुटली असेल."

मला रडू फुटलं. ती म्हणाली, "रडतेस काय? खरंच सांगते. दोन दिवस पडून राहिलेल्या माणसाच्या कानाला खाज सुटते. तुम्ही त्याच्यावरून अध्यक्ष केला."

मी म्हटलं, "ताई, मला वाटतं त्यांनी तुझं नाव घेतलं."

ती म्हणाली, "तुला वाटतं. त्यांना माझं नाव घ्यायचं होतं तर पंचवीस वर्षं हात धडधाकट होता. तेव्हा का नाही घेतलं?"

सरांचं वाईट बोलायला आपण जमलो नाही. पण काकू, हे सरांनाही डाचत असणार. आपल्या संस्थेच्या कमिटीत एकही खेळाडू नाही. चालणारे, बघणारे, ऐकणारे असे आम्हीच सगळे. खेळाडू मैदानात, कमिटी मंडपात. सरांनी भांडून मैदान मिळवलं, हे मात्र त्यांच्याकडून राहून गेलं.

मी ताईला विचारलं, "तू होशील का अध्यक्ष?"

ती म्हणाली, "झाले, तर तू बोलशील माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "म्हणजे काय! बोलेन की."

तिने विचारलं, "माझ्यासाठी, की माझ्याऐवजी?"

त्या सत्कारात सरही तिच्यासाठीच बोलले होते. आपण ऐकणारी माणसं हे फार पटकन करतो. मला खात्री नाही की मी केलं नाही. आठ वर्षांत किती वेळा तिचं वाक्य मी जरा मऊ करून सांगितलं असेल? पाहुण्यांना राग येऊ नये म्हणून? वहीत फेकीचा प्रत्येक सेंटीमीटर दोनदा मोजला, पण हे कधी मोजलं नाही.

हे सगळं मी आज सकाळी तांबे काकांना सांगितलं. काकांना न सांगता इथे बोलणं बरोबर झालं नसतं. काका चिडले. म्हणाले, "पोरी, शोकसभेत हा घोळ घालू नको. ठराव टाईप झालाय. सुनंदा गुणी बाई हाय, न्हाई कोन म्हनतं? पन अध्यक्षाला दिवसाला पन्नास फोन येत्यात. फोन कोन उचलनार?"

काकांचा प्रश्न खोटा नाही. मी तो तसाच ताईला सांगितला, मऊ न करता. ताई म्हणाली, "फोन मनीषा उचलेल. बोलणं माझं असेल. आणि काकांना सांग, सरही फोन उचलत नव्हते. काकूच उचलायच्या."

काकू, तुम्ही हसलात. बरं वाटलं.

पण पुढे ताई जे म्हणाली, ते मला सगळ्यांसमोर सांगायचंय. तिची परवानगी घेतलीय. ती म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या हातावरून मला खुर्ची नको. तुलाही नको. तो हात आता कुणालाच वाचता येणार नाही. जे आहेत, त्यांचे हात मोजा."

म्हणून मी आज एक गोष्ट परत घेते. दवाखान्यात मी "हो सर" म्हटलं होतं. तो होकार मी काढून घेते. सर, तुम्ही माझं नाव घेतलं असेल तर मला माफ करा. तुम्ही ताईचं नाव घेतलं असेल आणि मी ते माझ्या नावावर चढवलं असेल, तर जास्त माफ करा. यातलं कुठलं खरं, हे मला मरेपर्यंत कळणार नाही, आणि ते मला सोसावं लागेल.

कमिटीकडे माझं मागणं साधं आहे. माझ्या नावाचा ठराव आज मांडू नका. येत्या रविवारी सकाळी सरावाला सगळे खेळाडू जमतील, तेव्हा त्यांना विचारा. पायाने चालणाऱ्यांना, चाकावर चालणाऱ्यांना, न दिसणाऱ्यांना, न ऐकणाऱ्यांना. ते ज्याला निवडतील तो अध्यक्ष. माझं मत विचाराल तर सुनंदाताई. पण मी खेळाडू नाही, म्हणून माझं मत धरू नका. ताईला निवडलं तर मी तिच्या शेजारी उभी राहीन आणि ती म्हणेल तेवढंच बोलेन. दुसऱ्या कुणाला निवडलं तरी टेप आणि वही घेऊन मी मैदानावर असेनच.

तांबे काका, तुम्ही मान हलवताय. ती हो म्हणून हलतेय की नाही म्हणून, ते मी ठरवणार नाही. एकदा ठरवून झालंय माझं. तुम्ही तोंडाने सांगा.

...

काका, माईकवर सांगता का? मागे ऐकू गेलं नाही.

...

काका म्हणाले, "ठराव ठेवला बाजूला. रविवारी इचारू. पन निवडून येईल त्यानं माझी खूण बदलायची." हे त्यांचे शब्द आहेत. मी एकही शब्द मऊ केला नाही. रुबीना मॅडम, तुम्हीही करू नका.

मुली हसतायत काका. खूण बदलणं त्यांच्या हातात आहे.

आता शेवटचं. अशा सभेत शेवटी आपण उभे राहतो, डोळे मिटतो आणि दोन मिनिटं शांत राहतो. सरांसाठी आपण उभे राहूच. जे उभे राहू शकत नाहीत ते बसल्या जागी उभेच आहेत. पण डोळे मिटू नका. आपल्या कर्णबधिर मुलींनी डोळे मिटले की त्या एकट्या पडतात, आणि शांतता कधी संपली ते त्यांना कळत नाही. आणि त्यांच्यासाठी शांतता म्हणजे हात थांबणं. म्हणून आपण सगळेच हात थांबवू. फोन नको, पदर सारखा करणं नको, डास मारणं नको. हात खाली, डोळे उघडे. ज्यांना दिसत नाही त्यांनी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवा, तो हलला की कळेल.

रुबीना मॅडम, आता पुढचं ताईला सांगून झालं की तुमचेही हात खाली.

ताई, तू इथे वर ये. माझ्या जागी उभी राहा. दोन मिनिटं झाली असं तुला वाटेल, तेव्हा हात वर कर. घड्याळ बघू नकोस.

आम्ही सगळे तुझ्याकडे बघतोय.